वृद्धांचे घराबाहेर पडणे आणि स्वयंसेवकांचे साह्य

वार्धक्यात माणसाचे जग एकाएकी लहान होत नाही. ते हळूहळू आक्रसत जाते. प्रथम दूरचा बाजार सुटतो, मग जवळची बाग, त्यानंतर खालचे अंगण, आणि अखेरीस खाट व खिडकी एवढेच उरते. पायांतील बळ कमी होणे हे याचे एक कारण होय. परंतु घराची रचना, रस्त्याची अवस्था आणि सोबतीचा अभाव ही कारणेही तितकीच प्रबळ असतात. या दृष्टीने दिल्लीचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

दिल्ली विकास प्राधिकरणाची स्थापना १९५७ साली झाली. पुढील काळात त्याने उभारलेल्या अनेक वसाहतींतील इमारती तीन-चार मजली असून त्यांत मुळात लिफ्ट नव्हती. कर्त्या वयात तिसऱ्या मजल्यावर घेतलेले हवेशीर घर गुडघे निकामी झाल्यावर बंदिवास ठरते. २००२ साली सुरू झालेल्या मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आणि उतार आहेत. परंतु घराच्या जिन्यापासून स्थानकापर्यंतचे अंतर कसे तोडावे, हा प्रश्न उरतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वृद्धस्नेही शहरांविषयी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यासाठी अभ्यासलेल्या ३३ शहरांत दिल्लीचा समावेश होता. बाहेरच्या मोकळ्या जागा आणि तेथवर पोहोचण्याची सोय यांना त्या मार्गदर्शिकेत अग्रस्थान आहे.

सोयी उभ्या राहावयास वर्षे लागतात. वृद्धांपाशी तेवढा अवधी नसतो. म्हणूनच स्वयंसेवकांचे महत्त्व आहे. वृद्धांसाठी कार्य करणारी ‘हेल्पएज इंडिया’ ही संस्था १९७८ पासून दिल्लीत केंद्र ठेवून काम करीत आहे. १९६९ साली आरंभिलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाकाठी १२० तास सेवा करावी, अशी अपेक्षा असते. एखाद्या विद्यार्थ्याने आठवड्यातून दोन तास आपल्याच गल्लीतील एका वृद्धाला दिले, तर वर्षभरात शंभरांहून अधिक तास सहज होतात.

मात्र केवळ सद्भावना पुरेशी नसते; काही गोष्टी शिकून घ्याव्या लागतात. बाहेर पडण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा. अंथरुणावरून उठताच उभे केल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. म्हणून काही वेळ कडेवर बसवून मगच उभे करावे. जिना चढताना वा उतरताना स्वयंसेवकाने नेहमी खालच्या पायरीकडील बाजूस राहावे. वृद्धाने एका हाताने कठडा धरावा; चढताना सशक्त पाय आधी टाकावा, उतरताना दुबळा. चाकांच्या खुर्चीत बसवताना व उठवताना दोन्ही ब्रेक लावावेत आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्या बाजूला कराव्यात. तीव्र उतारावरून खुर्ची उलटी, म्हणजे पाठीच्या दिशेने, सावकाश उतरवावी. खुर्चीसकट माणसाला जिन्यावरून उचलून नेण्याचे धाडस प्रशिक्षणावाचून कदापि करू नये.

दिल्लीचे हवामानही ध्यानात घ्यावे लागते. उन्हाळ्यात पहाटेची वेळ बरी. हिवाळ्यात मात्र धूर आणि धुके सकाळी जमिनीलगत साचून राहतात. तेव्हा दुपारचे कोवळे ऊन हितकर. वायु-गुणवत्ता निर्देशांक ३०० च्या वर गेला की हवा ‘अतिशय वाईट’ समजली जाते. अशा दिवशी फिरणे रद्द करावे, पण भेट रद्द करू नये. ठरल्या वेळी दाराशी कोणी आलेच नाही, तर तयार होऊन बसलेल्या वृद्धाचा विश्वास ढासळतो, आणि पुढील वेळी ‘नको, राहू दे’ एवढेच उत्तर मिळते.

कोठे जावे, हे स्वयंसेवकाने ठरवू नये. लोदी उद्यान रम्य आहे खरे, परंतु आजींना कदाचित कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून स्वतः निवडून मेथी घ्यावयाची असेल, किंवा आजोबांना बँकेत जाऊन स्वतःच्या हाताने सही करावयाची असेल. त्या जुडीची किंमत किरकोळ असेल, पण ती पारखण्याचा अधिकार किरकोळ नसतो. तो त्यांना परत मिळवून देणे, हेच या सेवेचे खरे प्रयोजन होय.