वाऱ्याचा विमा घेण्याआधी

चि. बाळास,



तू पाठवलेलं कोटेशन नीट वाचलं. एजंटाने पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलंय की वादळ आलं की थोड्या दिवसांत पैसे खात्यात, सर्व्हेअर नाही, बिलं नाहीत. सर्व्हेअर नाही आणि बिलं नाहीत, हे खरंच आहे. पण वादळ आलं की नाही हे कोण, कुठल्या कागदावरून ठरवणार, ते आत चौथ्या पानावर बारीक अक्षरांत आहे. तू सही करण्याआधी त्या पानावर आपलं बोलणं व्हायला हवं, म्हणून फोन न करता लिहितोय.

आधी हे सांगतो की कल्पना मला पटलेली आहे. माझी सगळी नोकरी क्लेमचे सर्व्हे करण्यात गेली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतरचं दिवेआगर आणि श्रीवर्धन तू स्वतः पाहिलं आहेस. पोफळीच्या वाड्या एका अंगाला आडव्या, घरांवर कौल नाही, शेडचे पत्रे दुसऱ्याच्या आवारात. अशा वेळी सर्व्हेअर येतो, फुटलेली कौलं मोजतो, भिजलेला माल वेगळा काढायला लावतो आणि खरेदीची बिलं मागतो. बिलांची फाइल तर त्याच पाण्यात गेलेली असते. महिने जातात. यात दर वेळी कुणाची लबाडी असते असं नाही. झालेलं नुकसान मोजून भरून देणं हे कामच तसं वेळखाऊ आहे. दुकानदाराला मात्र पैसे पहिल्या पंधरवड्यात हवे असतात. पत्रे, जनरेटरचं डिझेल, कामगारांचा पगार, बँकेचा हप्ता यांतलं काहीही क्लेम मंजूर होईपर्यंत थांबत नाही.

त्याहून मोठी भानगड दुसरीच आहे. निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्याची भिंतही पडली नाही त्याचाही धंदा बंद होता. नेहमीच्या विम्यात बुडालेल्या नफ्याची पॉलिसी मिळते, पण तिची पहिली अट अशी की तुमच्या स्वतःच्या जागेत विम्यात बसणारं नुकसान झालेलं हवं. विजेचे खांब रस्त्यावर पडले, पूल खचला, गिऱ्हाईक फिरकलं नाही, यासाठी जादा कलम मागून घेतलेलं नसेल तर एक पैसा मिळत नाही. तुझ्या खोल्या आणि कोकमाचं युनिट दोन्ही असेच बंद पडू शकतात. तुझ्या कोटेशनमधला विमा, ज्याला पॅरामेट्रिक म्हणतात, ही पोकळी भरू शकतो, कारण तो तुझं काय मोडलं हे मोजत नाही. ठरलेल्या ठिकाणी ठरलेला आकडा ओलांडला गेला की ठरलेली रक्कम मिळते.

ही पद्धत तुला नवी वाटत असली तरी आपल्याकडच्या आंबेवाल्यांना ती चांगली ठाऊक आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा म्हणजे हेच. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर अवकाळी पाऊस, तापमान, वारा नोंदला जातो आणि त्यावर भरपाई ठरते. बागेत कुणी येऊन आंबे मोजत नाही. त्या विम्यावरची तक्रारही तुझ्या कानावर असेलच : केंद्र तिकडे, बाग इकडे, नुकसान झालं पण आकड्यात आलं नाही. या धंद्यात याला बेसिस रिस्क म्हणतात. पॅरामेट्रिकचा खरा धोका तो, आणि एजंटाच्या बोलण्यात तो बहुधा येत नाही.

आता चौथं पान काढ. तुझ्या कोटेशनमध्ये आकडा आहे ताशी ११८ किलोमीटर, दिवेआगरपासून पन्नास किलोमीटरच्या वर्तुळात. हा आकडा कुठून आला ते समजून घे. आपल्या हवामान खात्याच्या वर्गवारीत ८९ ते ११७ पर्यंत एक वर्ग आणि ११८ पासून त्याच्या वरचा वर्ग. निसर्ग किनाऱ्यावर आलं तेव्हा खात्याने वाऱ्याचा सलग वेग ताशी ११० ते १२० आणि झोत १३० पर्यंत सांगितला होता, पण वादळ मात्र शेवटपर्यंत खालच्याच वर्गात राहिलं. म्हणजे ज्या वादळाने आपला तालुका झोपवला, त्याच वादळात तुझ्या या पॉलिसीवर कदाचित छदामही मिळाला नसता. आणि मिळाला असता की नाही हे कशावर ठरलं असतं? सलग वेग धरायचा की झोत, त्या दिवशीचं पत्रक धरायचं की खात्याने नंतर तपासून प्रसिद्ध केलेली नोंद, यावर. सलग वेगसुद्धा आपल्याकडे तीन मिनिटांच्या सरासरीने मोजतात, अमेरिकेत एका मिनिटाच्या. एकाच वादळाचे दोन आकडे निघतात ते असे. कोटेशनमध्ये यातलं काहीच लिहिलेलं नाही. नुसतं 'वाऱ्याचा वेग' म्हटलंय. एवढ्यावर सही करायची नाही.

दुसरी परीक्षा तौक्तेची घे, मे २०२१. ते निसर्गहून कितीतरी जोरकस होतं, पण आपल्या किनाऱ्याला समांतर समुद्रातून वर गेलं आणि गुजरातेत जमिनीवर चढलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंब्याचं नुकसान झालं ते झालंच. केंद्रबिंदू वर्तुळात आला पाहिजे अशी अट असेल तर अशा वादळात पन्नास किलोमीटरचं वर्तुळ कोरडंच राहतं. म्हणून वर्तुळं दोन-तीन मागायची : जवळच्या वर्तुळाला कमी वेगावरही पैसे, लांबच्या वर्तुळाला जास्त वेगावर. रक्कमही पायऱ्यांनी हवी, म्हणजे एका किलोमीटरच्या फरकाने सगळं किंवा काहीच नाही असं होत नाही.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. मोठमोठ्या देशांचंही असं झालंय. जमैकाने जागतिक बँकेमार्फत १५ कोटी डॉलरचं आपत्ती-रोख्याचं संरक्षण घेतलं होतं. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने बेटाला झोडपलं, पण हवेचा दाब ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला नाही म्हणून त्यातून काही मिळालं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा आलं, आकडा ओलांडला गेला आणि पूर्ण १५ कोटी मिळाले. शिवाय कॅरिबियन देशांनी २००७ साली मिळून उभा केलेला एक विमा-निधी आहे. तो चौदा दिवसांत पैसे देतो आणि जमैका त्यातही आहे. एकाच करारावर विसंबून न राहण्याचा हा शहाणपणा आपण उचलावा असा आहे.

किमतीचं बोलू. समजा ट्रिगर, म्हणजे पैसे मिळायला ओलांडावा लागणारा आकडा, असा आहे की वीस वर्षांत एकदा लागेल, आणि रक्कम दहा लाख. मग नुसत्या जोखमीची किंमतच वर्षाला पन्नास हजार झाली. त्यावर कंपनीचा खर्च, नफा आणि कर. प्रीमियम याहून फार कमी सांगत असतील तर आनंद मानू नकोस. ट्रिगर फार वर ठेवलाय असा त्याचा अर्थ. आणि म्हणूनच मोठी रक्कम घेऊ नकोस. दोन महिन्यांचे पगार, हप्ते आणि पत्र्याची दुरुस्ती एवढं भागेल इतकीच घे.

तुझी मालमत्तेची मूळ पॉलिसी मात्र मोडायची नाही. एजंट तुला तिच्या जागी ही सुचवतोय, ते साफ चूक आहे. तुझ्यासारख्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेची पॉलिसी २०२१ पासून आहे, वादळ-पूर तिच्यात येतं. इमारत पूर्ण गेली तर उभी करून देणार ती. तिची रक्कम आजच्या बांधकाम खर्चाप्रमाणे वाढव, भावोजींच्या काळातल्या आकड्यावर ठेवू नकोस. वाडीतली झाडं तिच्यात येत नाहीत, हेही ताईला सांग. तिचा समज वेगळा दिसतो.

आणखी एक. एकट्याने गेलास तर कंपनी छापील कागद पुढे करेल. गावातले खोल्यावाले, तुमची पतसंस्था, मच्छीमार सोसायटी असे मिळून गेलात तर अटींवर बोलता येईल. आपल्या लोकांना एकत्र बसवणं सोपं नाही हे मला ठाऊक आहे, तरी तू पुढाकार घे. तुझं ऐकतात.

आता कर ते एवढंच. कंपनीला लेखी विचार : निसर्ग, तौक्ते आणि नोव्हेंबर २००९ चं फयान, या तिन्ही वादळांत हीच पॉलिसी असती तर किती रुपये मिळाले असते, आणि कुठल्या नोंदीवरून? उत्तर ईमेलवर हवं, एजंटाच्या तोंडी नको. मुदत मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन्ही हंगामांना पुरते का, तेही बघ. समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्यावर कुणी असा विमा देत नाही, तेव्हा मार्चच्या आत उत्तर मागव आणि आलं की तसंच माझ्याकडे पाठव. मी वाचल्याशिवाय चेक देऊ नकोस.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा