धंद्याची गोष्ट सांगताना

माझं लिखाण माहितीपत्रकांत, कंपन्यांच्या वेबसाइटवर आणि डीलरांना जाणाऱ्या पत्रकांत छापून येतं. त्याखाली माझं नाव नसतं आणि वाचणाऱ्याला ते कुणी लिहिलं याच्याशी देणंघेणंही नसतं. पंप, कास्टिंग, ठिबकच्या नळ्या, लोणची, विमा अशा नाना विषयांवर लिहून झालं. ‘जरा गोष्टीच्या अंगानं लिहा’ अशी मागणी अलीकडे बहुतेक मालक करतात. गोष्टीवर माझा जीव आहे, म्हणून या कामात जे हाती लागलं ते मांडून ठेवतो.

१. गोष्ट मालकाच्या केबिनमध्ये क्वचितच भेटते. मालक प्रेमानं चहा पाजतात, स्थापनेचं साल सांगतात, भिंतीवरची प्रमाणपत्रं दाखवतात. आणि वहीत उतरतं ते ‘गुणवत्ता, विश्वास, परंपरा’. शेजारच्या शेडमध्ये गेलो असतो तरी हेच उतरलं असतं. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत असंच चाललं होतं, तेव्हा मी शॉपवर जायची परवानगी मागितली. तिथे फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या, कोपऱ्यात एक वयस्कर मिस्त्री एकेक कास्टिंग साखळीला टांगून छोट्या हातोडीनं ठोकत होते आणि मान तिरकी करून ऐकत होते. “खणखणीत वाजलं तर पुढं. बद्द वाजलं की आत कुठंतरी तडा हाय,” ते म्हणाले. यंत्रावरची तपासणी पुढे व्हायचीच होती, पण त्याआधी हा कान. त्यांनी बाजूला काढलेला एक नग मला बाकीच्यांसारखाच वाजल्यासारखा वाटला. मग त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. तो नग, मग चांगला नग, पुन्हा तो, असं आळीपाळीनं ठोकायला लावलं, आणि हळूहळू मलाही फरक ऐकू यायला लागला. चांगल्या नगाचा आवाज हवेत रेंगाळतो; तडा गेलेल्याचा जागीच विझतो. त्या कंपनीच्या वेबसाइटचं पहिलं पान या हातोडीपासून सुरू झालं. मालकांना नवल वाटलं, कारण त्या कोपऱ्यावरून ते वर्षानुवर्षं रोज जात होते. रोजचं झालेलं दिसेनासं होतं. बाहेरून आलेल्या लिहिणाऱ्याला ते अजून नवं असतं, हाच त्याचा उपयोग.

२. वाचणारा गोष्टीत आधी स्वतःची शंका शोधतो. संस्थापकांनी शून्यातून विश्व कसं उभं केलं हे वाचायची घाई त्याला नसते. आपल्याला जी धाकधूक वाटते ती या लोकांना ठाऊक आहे का, एवढं तो बघतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकऱ्यांना धास्ती होती की लोखंड लागलं की जमीन नासते, विषारी होते. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली असं सांगतात. शंभर वर्षं उलटून गेली तरी ही हकिकत सांगितली जाते, ती त्या धास्तीमुळे. त्या नांगराचं वजन किती, फाळ केवढा, हे कुणाच्या ध्यानात राहिलेलं नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर चालवलेल्या माणसाचा जीव नव्या लोखंडाला का बिचकला, ते आजही पटतं. जमीन एकच होती. ती नासली तर खायचं काय? सोलर पंप घेऊ पाहणाऱ्याचं ‘पावसाळ्यात ढगाळ दिवशी काय करायचं?’ किंवा विमा घेणाऱ्याचं ‘क्लेमच्या वेळीही हे असंच गोड बोलतील का?’ हे त्याच कुळातले प्रश्न आहेत. ते वाचणाऱ्याच्याच तोंडच्या भाषेत, त्याला अडाणी न ठरवता, अगदी सुरुवातीला लिहिले की तो पुढे वाचतो. उत्तर दोन परिच्छेदांनंतर आलं तरी चालतं.

याच किर्लोस्करांच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. कारखान्याच्या घडामोडी आणि माल लोकांपर्यंत पोचवणारं ते पत्र. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ निघालं, आणि मराठी घरांत ही मासिकं कित्येक वर्षं आवडीनं वाचली गेली. नांगराच्या कारखान्याच्या वार्तापत्रातून एवढं मोठं काम उभं राहिलं, याचा मला फार अभिमान वाटतो. गिऱ्हाईक हा घरी गेल्यावर वाचक असतो, त्याला विचार असतात, मुलींच्या शिक्षणाची काळजी असते, हे त्या मंडळींनी ओळखलं होतं. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी ते जुने अंक चाळावेत असं मला मनापासून वाटतं.

३. पडता काळ कापला की गोष्टीचा प्राण जातो. सांगलीत मोटर रिवाइंडिंगचं एक दुकान आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्या दुकानात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर कसबे डिग्रज, भिलवडी, अंकलखोप अशा नदीकाठच्या गावांतून माणसं गाळानं भरलेल्या मोटरी घेऊन आली. दुकान स्वतःच चिखलात, म्हणून मालकांनी गच्चीवर मोटरी मांडल्या. कुणाची कुठली ते कळावं म्हणून प्रत्येक मोटरीवर खडूनं नाव आणि गाव लिहिलं. आधी धुणं, मग वाळवणं, जिथे वाइंडिंग गेलं तिथे नवं भरणं, वार्निश. ज्यांची मोटर नुसती वाळवून चालू झाली त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत. हे सगळं त्यांनी मला सहज बोलता बोलता सांगितलं आणि पुढच्या वाक्याला म्हणाले, “पण ते पुराचं काही घालू नका. लोकांना वाटेल दुकान बुडालं.” मला त्यांची अडचण कळत होती. आपलं नुकसान चारचौघांत बोलू नये असंच आपल्याला घरी शिकवलेलं असतं. मग घरच्यांनीच कौल दिला: “अहो, त्यामुळंच तर माणसं आपल्याला ओळखतात.” पत्रकात गच्ची आली, खडूची नावं आली. नंतर फोन करणारे कितीतरी लोक दुकानाचं नाव न घेता ‘ते खडूनं नावं लिहिलेलं दुकान तुमचंच ना?’ असंच विचारायचे.

४. एका गोष्टीनं एकच काम करावं. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं, उत्तररंगात आख्यान रंगतं आणि शेवटी बुवा पुन्हा मूळ अभंगावर येतात. आख्यान कितीही रंगलं तरी अभंग सुटत नाही. लिहायला बसलो की मी आधी तो ‘अभंग’ एका ओळीत लिहून समोर ठेवतो: ‘हे दुकान संकटात गिऱ्हाइकाला सोडत नाही.’ मग मालकांच्या मुलाचं इंजिनिअरिंग, दुकानाची नवी शाखा, मंत्रिमहोदयांच्या हस्ते झालेला सत्कार, हे सगळं कितीही गोड असलं तरी बाहेर राहतं.

५. विशेषणापेक्षा आकडा बोलका असतो, मात्र तो मुठीत मावणारा हवा. लिज्जत पापडाची हकिकत आठवून बघा: १९५९, गिरगाव, इमारतीची गच्ची, सात बायका, उसने घेतलेले ऐंशी रुपये. त्या संस्थेची पुढची उलाढाल मोठमोठ्या आकड्यांत मोजतात, पण लोकांच्या तोंडी राहिले ते ऐंशी रुपये, कारण ते आपल्यालाही कुणाकडून तरी उसने मिळाले असते. श्याम बेनेगलांचा १९७६ चा ‘मंथन’ही तसाच. गुजरातेतल्या पाच लाख दूधउत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले आणि चित्रपट उभा राहिला. त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. त्यात दुधाचा पडेल भाव आहे, गावातली जातीची उतरंड आहे, सहकारी सोसायटीत कुणाचं चालायचं यावरची भांडणं आहेत. एखाद्या उद्योगाविषयी इतकं खरं आणि इतकं निर्भीड सांगणं मला दुसरीकडे फारसं सापडलेलं नाही.

आकडा बोलका असतो, याचा आमच्या रोजच्या कामातला अर्थ साधा आहे. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागातला माणूस मिस्त्रींच्या हातोडीची गोष्ट आवडीनं वाचेल, पण ऑर्डर देण्याआधी रिजेक्शन किती आणि माल किती दिवसांत पोचतो, हे विचारणारच. ते आकडे वेगळ्या तक्त्यात दडवण्यापेक्षा गोष्टीच्या ओघातच द्यावेत: किती नग वाजवून बाजूला काढले, त्यातले यंत्रावर किती खरोखर सदोष निघाले.

६. ज्याची गोष्ट त्याला ती आधी वाचून दाखवावी. मिस्त्रींना मी मजकूर वाचून दाखवला तेव्हा त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: हे काम मला माझ्या वस्तादांनी शिकवलं, तेही लिहा. ते वाक्य आलं आणि पान कितीतरी उजळलं. मनानं रचलेले ‘समाधानी ग्राहक’ मात्र मी लिहीत नाही. ‘साताऱ्याचे एक प्रगतिशील शेतकरी सांगतात’ असं लिहायचं आणि सांगणारं कुणीच नसायचं, ही वाचणाऱ्याची सरळ फसवणूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. त्याखाली २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि शिफारस करणाऱ्याचं मत त्याचं स्वतःचं, खरं असलं पाहिजे असं त्यांत सांगितलं आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. नदीकाठच्या गावातला माणूस बनावट मोटरवाला लगेच ओळखतो.

७. काही ठिकाणी गोष्ट नकोच. दरपत्रक, वॉरंटीच्या अटी, यंत्र जोडायच्या सूचना, औषधांची आणि कीटकनाशकांची माहिती. द्राक्षाच्या बागेत पाठीवर पंप घेऊन उभ्या असलेल्या माणसाला डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग लाल आहे की पिवळा, किती मिली किती पाण्यात, आणि फवारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, एवढंच हवं असतं. तिथे एक रंगतदार वाक्यही त्याच्या हिताच्या आड येतं. असा मजकूर मी क्रमांक घालून, एका ओळीत एकच कृती अशा बेतानं लिहितो. छापायला देण्याआधी ज्याला तो वापरायचा आहे त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेतो. तो ज्या ओळीवर अडखळला, ती ओळ त्याच्यासमोरच बदलतो आणि त्यालाच पुन्हा वाचायला देतो.