आश्विनीचं तबक आणि धाकट्याचा प्रश्न



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १२ ते १४.

काल कोजागिरी झाली. झोपायला दीड वाजला आणि सकाळच्या स्टँडअपला मी कॅमेरा बंद ठेवून बसलो होतो. म्हणून रोज सकाळी सहाला येणारं चिंतन आज रात्री येतंय. पण उशीर झाला ते बरंच झालं. काल संध्याकाळी घरात एक छोटा प्रसंग घडला, तो दिवसभर डोक्यात फिरत होता, आणि त्यासोबत हे तीन श्लोक पुन्हा वाचले तेव्हा ते मला पहिल्यांदा नीट कळल्यासारखे वाटले.

तबक आणि रडारड

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आश्विन पौर्णिमेला घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळतात. मुलगा असो की मुलगी, जे आधी जन्मलं त्याचा मान. याला 'आश्विनी' म्हणतात. पाट मांडायचा, भोवती रांगोळी, तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. नवा कपडा आणि काहीतरी गोड.

आमची लेक आठ वर्षांची. नवा फ्रॉक घालून ती पाटावर अशी बसली होती की जणू राज्याभिषेकच. धाकटा चार वर्षांचा. तो तबकाशेजारी उभा राहून सगळं बघत होता. बायकोनं ओवाळलं, लेकीच्या हातात पेढा दिला. मग त्यानं शांतपणे विचारलं, "आता माझी आश्विनी कधी?"

मी म्हणालो, "तुझी नसते रे. पहिल्या बाळाची असते."

इंजिनिअरचं उत्तर! माहिती बरोबर, उपयोग शून्य.

तो म्हणाला, "मग मी दुसरा का आलो?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेक पाटावरून म्हणाली, "कारण मी आधी आले!" आणि मग जे रडणं सुरू झालं ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असणार. बायको म्हणाली, "अहो, त्यालाही ओवाळू या की, काय बिघडतं?" लेक लगेच, "मग माझं स्पेशल काय राहिलं?" तिचंही चूक नव्हतं.

खरं सांगायचं तर मला त्याच्या बाजूनं वाईट वाटत होतं, कारण मीही धाकटाच. आमच्या घरी पाट दादाचा असायचा. नवा शर्ट त्याला आणि तोच शर्ट दोन-तीन वर्षांनी मला. लहानपणी मला ठाम वाटायचं की देवानं, आईनं आणि पंचांगानं मिळून माझ्यावर अन्याय केलाय.

श्लोक काय म्हणतात

आता आजच्या वाचनाकडे येऊ. पंधरावा अध्याय आपल्यातल्या बऱ्याच जणांना पाठ असतो. वीसच श्लोक आहेत आणि जेवणाआधी तो म्हणायची पद्धत अनेक घरांत आहे. पण पाठ असलेल्या गोष्टीचं एक होतं, तोंड चालतं आणि मन भाजीकडे असतं.

अर्थ माझ्या शब्दांत लिहितो. बाराव्या श्लोकात भगवंत सांगतात की सूर्यात, चंद्रात आणि अग्नीत जे तेज दिसतं ते माझंच आहे. तेरावा सांगतो की मी पृथ्वीत शिरून सगळ्या जीवांना धरून ठेवतो आणि रसमय चंद्र होऊन सगळ्या वनस्पतींचं पोषण करतो. चौदाव्यात तोच परमात्मा प्राण्यांच्या देहातला वैश्वानर अग्नी होतो आणि चार प्रकारचं अन्न पचवतो.

आता क्रम बघा. आधी तेज, मग चंद्र, चंद्रातून वनस्पतीत रस, वनस्पतीतून अन्न, अन्न पोटात. एक साखळी आहे. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी घेतं आणि पुढे देतं. मध्ये कुणी 'हे माझं' म्हणून धरून बसलं तर पुढचा उपाशी.

कोजागिरी याच वेळी का येते, तेही यातून कळतं. पाऊस संपत आलेला असतो, शेतात भात तयार व्हायला लागलेला असतो. हिला नवान्न पौर्णिमा असंही नाव आहे. कोकणात नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात. रस शेतात उतरला, आता घरात येतोय, त्याचं हे स्वागत. आपण शहरात फक्त मसाला दूध तेवढं ठेवलं. तेही चांगलंच आहे, पण त्या दुधामागे गवत आहे आणि गवतामागे तेरावा श्लोक आहे, हे लक्षात असलं की घोट वेगळा लागतो.

तेराव्या श्लोकातला 'सर्व' हा साधा शब्दही चुकवू नका. चंद्र सगळ्या वनस्पतींना पोसतो. आधी उगवलेल्या आणि नंतर उगवलेल्या, अशी यादी तिथे नाही.

बारा टक्के

एक विज्ञानाची गोष्ट सांगतो. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, हे शाळेत सगळे शिकलो. पण तो किती परत पाठवतो? त्याच्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी साधारण १२ टक्केच. त्याचे खडक तसे काळपटच आहेत. तो प्रकाश सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर अंतर कापून सव्वा सेकंदात आपल्या गच्चीवर येतो आणि त्या बारा टक्क्यांत अख्खी कोजागिरी उजळते.

मला हे फार धीराचं वाटलं. आपल्याला जे मिळालंय ते सगळंच्या सगळं पुढे देता येईल असं नाही. आपण संत नाही. ईएमआय आहे, शाळेची फी आहे. पण मिळालेल्यातलं थोडं जरी पुढे गेलं तरी कुणाची तरी रात्र उजळते. फक्त एक अट आहे. आपल्याकडे आलेलं तेज आपलं नाही, आलेलं आहे, हे आठवायला हवं.

दादा नावाचे गुरू

आता मोठ्याच्या मानाकडे येतो. पाट मोठ्यालाच का?

ज्ञानेश्वर माउली हे दुसरं अपत्य, हे कधी लक्षात आलंय का? निवृत्तीनाथ थोरले, मग ज्ञानदेव, मग सोपानदेव, मग मुक्ताबाई. परंपरा सांगते की त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ समोर आला, पळापळीत निवृत्तीनाथ चुकले आणि एका गुहेत त्यांना गहिनीनाथ भेटले. उपदेश मिळाला तो थोरल्याला. पुढे काय झालं? थोरल्यानं तो जवळ ठेवला नाही. धाकट्या भावाला दिला. आणि धाकट्यानं नेवाशात, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, गीता मराठीत सांगून तो तुमच्या-माझ्यापर्यंत पोचवला.

म्हणजे आपण ज्याला ज्ञानेश्वरी म्हणतो ती एका थोरल्या भावानं धाकट्याला दिलेल्या वस्तूतून आलेली आहे. आणि आजचे श्लोक ज्या पंधराव्या अध्यायात आहेत, त्याची ज्ञानेश्वरीतली सुरुवात काढून बघा. माउली आपल्या हृदयाचा चौरंग करून त्यावर श्रीगुरूंची पावलं बसवतात आणि मनानंच पूजा मांडतात. ते गुरू कोण? त्यांचा दादा. धाकट्यानं मोठ्यासाठी मांडलेला पाटच आहे तो!

मग मला आश्विनीचा अर्थ लागला. पहिल्या अपत्याला ओवाळतात ते जास्त लाडकं म्हणून नाही. घरात जे काही येणार आहे, माया, संस्कार, जबाबदारी, ते आधी त्याच्या हातात येतं आणि त्याच्या हातून पुढे जायचं असतं. म्हणून त्याचं औक्षण. पाट हे बक्षीस नाही, ते काम आहे.

गच्चीवर

रात्री सोसायटीच्या गच्चीवर दूध घेऊन गेलो. केशर, वेलदोडा, जायफळ, चारोळी, सगळं घातलेलं. मी दोघांना निवृत्तीनाथांची गोष्ट सांगितली, वाघासकट. वाघ धाकट्याला आवडला, बाकीचं नाही. लेकीनं मात्र ऐकलं आणि लगेच व्यवहाराचं विचारलं, "मग मला याला काय द्यावं लागेल? फ्रॉक तर त्याला होणार नाही."

मी म्हटलं, "तूच ठरव."

ती म्हणाली, "उद्या ठरवते." एवढंच. चमत्कार वगैरे काही झाला नाही.

पण नंतर धाकटा कुरकुरायला लागला की त्याच्या दुधात चंद्र दिसत नाही. त्याचा स्टीलचा ग्लास उंच आणि अरुंद, दूध तळाशी. लेकीकडे पसरट वाटी होती आणि तिच्यात चंद्र छान हलत होता. तिनं दोन मिनिटं दुर्लक्ष केलं. मग वाटी त्याच्यासमोर सरकवली आणि म्हणाली, "बघ. पण पिऊ नकोस, माझं आहे." तो वाटीवर वाकून बघत बसला, रडणं विसरून. दूध तिनंच प्यायलं. चंद्र दोघांना मिळाला.

जे मला लिहायचं नव्हतं

इथपर्यंत पोस्ट गोड आहे आणि इथेच थांबवायचा मोह होतोय. पण रोज तुम्हाला प्रामाणिकपणाचे धडे द्यायचे आणि स्वतःचं झाकायचं, हे बरोबर नाही.

माझ्या दादाला बारावीला माझ्याहून जास्त मार्क होते. त्याच वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. दादानं आयटीआय केलं आणि एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला. मी इंजिनिअर झालो. चार वर्षांची माझी फी, होस्टेल, पहिला लॅपटॉप, सगळं त्या लेथमधून आलं.

या वर्षी गावच्या घराचं छप्पर बदललं. पैसे दोघांनी घातले, बघितलं सगळं दादानं. मला आकडा जास्त वाटला आणि मी त्याला व्हॉट्सअॅपवर लिहिलं, "हिशोब पाठव." वर एक एक्सेल शीट जोडली, रकाने आखून. त्यानं तीन दिवसांनी सगळं भरून पाठवलं. पत्रे, वासे, मजुरी, टेम्पोचं भाडं. रुपयाचा फरक नव्हता. त्यानंतर सात महिने आम्ही कामापुरतंसुद्धा बोललो नव्हतो. आईची औषधं, तब्येत, सगळे निरोप बायकोच्या फोनवरून.

काल मुलं झोपल्यावर मी ती शीट पुन्हा उघडली. तिच्यात माझ्या चार वर्षांच्या फीचा रकाना नव्हता. मी आखलाच नव्हता, आणि त्यानं आयुष्यात कधी तो आखला नाही.

कोजागिरीचं नावच 'को जागर्ति' यावरून आलंय. लक्ष्मी मध्यरात्री फिरते आणि विचारते, कोण जागं आहे? मी ऑन-कॉल असतो तेव्हा सर्व्हरसाठी रात्रभर जागा असतो. या बाबतीत मात्र वर्षानुवर्षं झोपलेला होतो.

साडेबाराला फोन लावला. दोन रिंगमध्ये त्यानं उचलला.

"काय रे, जागा आहेस अजून?"

"हो. दूध प्यायलात का?"

"प्यायलो. पोरीची आश्विनी केलीस ना? फोटो पाठव."

"पाठवतो. दादा, तुझी?"

तो हसला. "आई सोडतेय होय! चाळीस वर्षांचा घोडा झालो तरी पाट मांडते."

मी म्हणालो, "त्या शीटचं चुकलं माझं." तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "झोप आता. दिवाळीला या सगळे." सगळं मिटलं का? माहीत नाही. पण दिवाळीची तिकिटं मी आज दुपारीच काढली.

आजसाठी

१. बारा ते चौदा हे तीन श्लोक आज जेवणाआधी अर्थ लक्षात ठेवून म्हणा. सावकाश, फक्त तीनच.

२. तुम्ही घरात थोरले असाल तर आपल्याकडे आधी आलेली एक गोष्ट पुढे द्या. वेळ, एखादं शिकवणं, वाटीतला चंद्र, काहीही चालेल.

३. तुम्ही धाकटे असाल तर ज्याचा हिशोब तुम्ही कधी मांडला नाही असा एक रकाना आठवा आणि त्या माणसाला फोन करा. मेसेज नको, फोन.

आज सकाळी धाकट्यानं पुन्हा विचारलं, "मी दुसरा का आलो?" या वेळी उत्तर होतं. म्हटलं, "ज्ञानेश्वर माउलीही दुसरेच आले होते." त्यानं विचार केला आणि म्हणाला, "त्यांना पेढा मिळाला होता का?"

डब्यात एक उरला होता. लेकीनं अर्धा करून त्याला दिला. मोठा अर्धा स्वतःकडे ठेवला, पण दिला.

राम कृष्ण हरि. उद्या भेटू, सकाळी सहाला, नक्की.