जखमी चितळाचा माग

प्रश्न : जामसांवलीजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत रक्ताचे थेंब आणि चितळाच्या खुरांचे ठसे दिसले. मी आणि काका माग काढत जाऊ का?

उत्तर : जाऊ नका. जखमी चितळ मागे कोणी नसेल तर बहुधा जवळच्या झुडपात बसते. माणसे दिसली की जीव तोडून पळते, आणि अशा धावपळीत स्नायू निकामी होऊनही मरते. रक्त लालभडक, फेसाळ असेल तर जखम फुप्फुसाला. मग वेळ फारच थोडा. शेवटचा थेंब दिसेल तिथे काठी रोवा, कुत्री बांधा, वनरक्षकाला ताबडतोब कळवा. मेलेले सापडले तरी उचलू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते सरकारी मालमत्ता ठरते. मांसाच्या वाट्याचा विषय काकांनी काढूच नये! कुंपणात फासा दिसला तर तोही तसाच ठेवा, तो पुरावा आहे.