अधिकारी वाचक कोण? : बौद्धिक अक्षमता आणि विद्यापीठाचा वर्ग

आपल्याकडील शास्त्रग्रंथांत प्रारंभीच ‘अधिकारी’ कोण हे सांगण्याची प्रथा होती आणि काव्यशास्त्राने रसास्वादासाठी ‘सहृदया’ची अपेक्षा केली. आधुनिक विद्यापीठाने हा प्रश्न प्रवेशपरीक्षेच्या स्वाधीन केला आणि मग त्याची चर्चाच थांबली. बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना महाविद्यालयात सामावून घेणारे जे उपक्रम गेल्या चार दशकांत काही देशांत उभे राहिले, त्यांनी तो प्रश्न पुन्हा पुढे आणला आहे. हा विषय समाजकार्याचा म्हणून आपण बाजूस सारतो. वस्तुतः तो साहित्याच्या अध्यापनाचाही आहे, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

कॅनडातील एडमंटन येथील अल्बर्टा विद्यापीठात १९८७ साली ‘ऑन कॅम्पस’ हा उपक्रम सुरू झाला. या क्षेत्रातील आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. त्याचे वैशिष्ट्य असे की, या विद्यार्थ्यांसाठी निराळा वर्ग काढण्यात आला नाही. विद्यार्थी आपल्या आवडीचा विषय निवडतो आणि इतरांच्या शेजारी, त्याच वर्गात, श्रोता म्हणून बसतो. उपक्रमाचा साहाय्यक प्राध्यापकांशी विचारविनिमय करून त्या अभ्यासक्रमातील कोणते मर्म या विद्यार्थ्याच्या हाती लागावे हे ठरवितो आणि त्यानुसार वाचन, टिपणे व स्वाध्याय यांना वेगळे रूप देतो. शिकविणारा तोच, विषय तोच. बदलते ती वाट.

पुढे अमेरिकेत २००८ च्या उच्च शिक्षणविषयक कायद्याने अशा अभ्यासक्रमांना मान्यता दिली. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातील विद्यार्थी पदवीसाठी नोंदलेला नसला, शालान्त प्रमाणपत्र त्याच्यापाशी नसले, तरी त्याला केंद्रीय अनुदानातून अर्थसाहाय्य मिळू शकते. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात अशा विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो. या व्यवस्थांचे स्वरूप एकसारखे नाही. काही ठिकाणी विद्यार्थ्यांचा बराच वेळ स्वतंत्र वर्गातच जातो, आणि तेथे ‘समावेश’ हा शब्द सैलपणे वापरला जातो असेच म्हणावे लागते.

साहित्याच्या वर्गात याचा अर्थ काय होईल? रवींद्रनाथांची ‘काबुलीवाला’ ही कथा उदाहरणादाखल घेऊ. पदवीवर्गातील विद्यार्थी निवेदकाच्या सामाजिक स्थानावर निबंध लिहील. बौद्धिक अक्षमता असलेला विद्यार्थी कथा मोठ्याने वाचलेली ऐकेल आणि तिच्यातील काळाचा क्रम चित्रांनी लावेल: लहान मिनी, तुरुंगातील वर्षे, मिनीच्या लग्नाचा दिवस. नंतर त्याला एकच प्रश्न विचारावा. रहमतने आपल्या मुलीच्या हाताचा, काजळीने उमटविलेला ठसा असलेला कागद इतकी वर्षे उराशी का बाळगला? हा प्रश्न सोपा आहे, पण दुय्यम नाही. कथेचे केंद्रच तेथे आहे. त्या कागदावर एकही अक्षर नाही. तरीही तो वाचता येतो आणि निवेदकालाही तो वाचता आला, म्हणूनच कथेचा शेवट घडतो. ज्याला हे उमगले त्याने कथा वाचली नाही, असे कोणत्या निकषावर म्हणावे?

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे: याने विद्यापीठाचा दर्जा खालावेल. परंतु पदवीचे निकष जसेच्या तसे राहतात. श्रोता-विद्यार्थ्याला पदवी मिळत नाही. तो ती मागतही नाही. पदवी आणि उपस्थिती या दोन गोष्टी आपण एक मानल्या, हा खरा घोटाळा आहे. याउलट, दुसरी एक शंका अधिक गंभीर वाटते. ज्या विद्यार्थ्याला वर्गात कधी प्रश्नच विचारला जात नाही, ज्याच्या उत्तराची कोणी वाट पाहत नाही, तो वर्गात बसूनही वर्गाबाहेरच राहतो. केवळ बाकावर जागा देऊन समावेश साधत नाही.

मजकूर सुलभ करणे म्हणजे त्याला हीन करणे, हा समज मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाने तरी बाळगू नये. केशोबासांनी संस्कृत रचनेचा विचार मांडला तेव्हा, त्यामुळे आपल्या वृद्ध स्त्रिया वंचित होतील असे सांगून नागदेवाचार्यांनी त्यांना परावृत्त केल्याची आठवण ‘स्मृतिस्थळा’त आहे. त्या निर्णयामागे ज्ञानाची अवहेलना नव्हती, तर श्रोत्याची गणना होती. आपल्या आद्य गद्याच्या जडणघडणीत या दृष्टीचा वाटा आहे.

भारतात १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात ज्याला सर्रास ‘मतिमंदत्व’ म्हटले जाई, त्याला २०१६ च्या कायद्याने ‘बौद्धिक अक्षमता’ म्हटले. याच कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय अपंगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखल्या. तथापि राखीव जागेपर्यंत पोहोचण्याचा मार्ग नेहमीच्या परीक्षांमधूनच जातो. त्यामुळे दृष्टी वा गती यांच्या अडचणीवर मात करून आलेल्या विद्यार्थ्याला या तरतुदीचा जो लाभ होतो, तो बौद्धिक अक्षमता असलेल्याला सहसा होत नाही. नाव बदलले, दार मात्र तेथेच आहे.

ते उघडण्यासाठी नव्या कायद्याचीच वाट पाहावी असे नाही. एखाद्या भाषाविभागाने एका सत्रापुरता, एका अभ्यासपत्रिकेत, एका श्रोता-विद्यार्थ्याला घ्यावे. त्याच्यासाठी साहाय्यक नेमावा आणि सत्रान्ती आपल्या अध्यापनात काय बदलले याची नोंद ठेवावी. त्याला काय समजले हे त्या नोंदीतून कळेलच. आपण शिकवीत असलेल्या कृतीत अत्यावश्यक काय आहे, हेही कदाचित आपल्याला प्रथमच नेमके सांगावे लागेल. अधिकाराची परीक्षा तेव्हा दोन्ही बाजूंची होईल.