खनिज तेलाचे स्वामित्वधन : राज्यांचे येणे
अमेरिकेत खासगी जमिनीखालील तेल मूलतः जमीनमालकाचे. तो कंपनीला भाडेपट्टा देऊन स्वामित्वधन घेतो. भारतात शेतकऱ्याला केवळ जमिनीच्या वापराची भरपाई मिळते. तेलावरील स्वामित्वधन भूप्रदेशात राज्याला, तर समुद्रात अनुच्छेद २९७ नुसार केंद्राला जाते. म्हणूनच १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचे स्वामित्वधन महाराष्ट्राला मिळत नाही. परीक्षार्थींचा येथे हमखास गोंधळ होतो.

राज्यांचा वाद दरापेक्षा किमतीचा होता. इंधन ग्राहकांना स्वस्त मिळावे म्हणून ओएनजीसी सरकारी तेल कंपन्यांना कच्चे तेल सवलतीने देत असे. एप्रिल २००८ पासून स्वामित्वधनही सवलतीनंतरच्या किमतीवर आकारले जाऊ लागले. समजा, किंमत १०० रुपये, सवलत ४० रुपये व दर २० टक्के. तर राज्याच्या हाती २० ऐवजी १२ रुपये पडतात. धोरण केंद्राचे आणि झळ उत्पादक राज्याला, हे न्याय्य म्हणता येणार नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये राज्याच्या बाजूने निकाल दिला. अपिलात सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाद्वारे १ फेब्रुवारी २०१४ पासून सवलतपूर्व किमतीवर स्वामित्वधन देण्यास सांगितले. त्याआधीची थकबाकी मात्र या आदेशाबाहेर राहिली.