डबा आपला, किल्ली त्यांची

सेलूत आमच्या घरी दोन टीव्ही आणि जिंतूर रस्त्याला शेतातल्या आखाड्यावर दादांसाठी एक. तीन टीव्ही, तीन डबे (म्हणजे सेट-टॉप बॉक्स), सहा रिमोट. शहरी भागातल्या केबलला डिजिटल व्हायला ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत होती, ग्रामीण भागाला पुढं ३१ मार्च २०१७ ची. त्या धांदलीत हे डबे घरात आले आणि दर महिन्याला खिशातून पैसे घेऊन जायला लागले. मी पेशानं शिक्षक. टीव्हीच्या दुरुस्तीतलं मला काही कळत नव्हतं. तरी चार-पाच वर्षं या डब्यांच्या मागं लागलो. काही जमलं, काही फसलं. निजामाच्या काळापासून आमच्याकडं म्हणतात ना, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’, तसंच धोरण ठेवलं. त्यातून जे हाती आलं ते हे.

१. टीव्ही घेताना समोरून कमी आणि मागून जास्त बघा

दिवाळीत नवा टीव्ही घेतला. भिंतीवर टांगताना मागं एक फट दिसली, पत्त्याच्या पानाएवढी रुंद, शेजारी ‘कॉमन इंटरफेस’ असं लिहिलेलं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, ‘कंपनी देते, आपल्याकडं कामाची नाही.’ न्यू जर्सीतल्या भाच्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, ‘मामा, यात केबलवाल्याचं कार्ड बसतं. कार्ड बसलं की डबा नको.’ त्याच्याकडं कंपनीचा डबा नव्हताच. स्वतः विकत घेतलेल्या ट्यूनरमध्ये त्यानं कंपनीचं कार्ड घातलं होतं आणि डब्याच्या भाड्याच्या मानानं अगदी थोडके पैसे भरत होता.

झालं, मला तोच नाद लागला. पण फट असली म्हणून भागत नाही. टीव्हीच्या पुस्तिकेत ट्यूनर कोणता लिहिलाय तेही बघावं लागतं. डीव्हीबी-सी म्हणजे केबलचा, डीव्हीबी-एस२ म्हणजे छत्रीचा, डीव्हीबी-टी२ म्हणजे साध्या अँटेनाचा. घरचा टीव्ही तिन्ही जाणत होता, हे माझं नशीब. आखाड्यावरचा जुना टीव्ही यातलं काहीच जाणत नव्हता.

२. कुलूप बघून हुरळू नका, किल्ली कुठं मिळते ते विचारा

केबलवाल्याचा मुलगा घरी आला, फटीत डोकावला आणि म्हणाला, ‘सर, असलं कार्ड वरूनच येत नाही. डबाच घ्यावा लागतो.’

तेव्हा कुठं मला डब्याचं खरं काम कळलं. चित्र उलगडून दाखवणं हे काम टीव्हीतला ट्यूनरही करतो. डबा मुख्यतः कुलूप उघडतो. वाहिन्या गुंतवळ करून पाठवलेल्या असतात; आपण पैसे भरले की वरून परवानगी येते आणि डब्यातली किल्ली फिरते. ही किल्ली वेगळ्या कार्डात ठेवता येते, आणि डब्यात कायमची गाडूनही टाकता येते.

अमेरिकेत ती वेगळी ठेवायला कायद्यानं भाग पाडलं. १ जुलै २००७ पासून केबल कंपन्यांना स्वतःच्या नव्या डब्यांतही तेच कार्ड वापरावं लागलं. ती सक्ती २०१५ मध्ये उठली. आपल्याकडंही कागद कोरे नव्हते. डीटीएचच्या २००१ च्या मार्गदर्शक सूचनांतच एका कंपनीचा डबा दुसरीला चालावा अशी अट होती. एप्रिल २०२० मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं शिफारस केली की सगळे डबे एकमेकांना चालणारे असावेत आणि टीव्हीला यूएसबीतून बसणाऱ्या कार्डाची सोय असावी. कागदावरचं हे सगळं मी त्या मुलाला वाचून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘बरोबर हाये सर. पण कार्ड नाही.’

३. दुसऱ्याचं कार्ड आपल्या फटीत घालायला जाऊ नका

मग मी शहाणपणा केला. आखाड्यावरच्या डीटीएच डब्यात एक कार्ड होतं, ते काढून दुसऱ्या डब्यात घालून पाहिलं. पडद्यावर चूक दाखवणारा आकडा, आणि कार्ड परत जागेवर घातलं तरी दोन दिवस टीव्ही मुका. कार्ड आणि डबा यांची लग्नगाठ कंपनीनंच बांधलेली असते. ती सोडवून चालत नाही. ‘एका कार्डावर दहा घरं’ चालवून देणारेही बाजारात भेटतात. त्या वाटेला जाऊ नये. ती चोरी आहे, आणि एके दिवशी पडदा काळा झाला तर तक्रार करायला तोंड राहत नाही.

४. पावती ओळीओळीनं वाचा

फेब्रुवारी २०१९ पासून नवा हिशेब आला. पहिल्या १०० वाहिन्यांसाठी जोडणीचं भाडं जास्तीत जास्त १३० रुपये, वर १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. पैशाच्या वाहिन्या वेगळ्या. मार्च २०२० पासून त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या आल्या, आणि एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीला त्या भाड्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही असं ठरलं. म्हणजे ५२ रुपये आणि कर, एकूण ६१ रुपये ३६ पैसे.

मी मात्र २०२१ पर्यंत दोन्ही टीव्हींना पूर्ण पैसे भरत होतो. महिन्याला ९२ रुपये, वर्षाला अकराशेच्या वर. वर्गात पोरांना तोंडी हिशेब शिकवणारा मी! विचारल्यावर पुढच्या महिन्यापासून कमी झाले. मागचे गेले ते गेले. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ही मर्यादाच काढून टाकली, तेव्हा आता तर विचारूनच पैसे द्यावेत.

५. घरातलं कोण काय बघतं, ते महिनाभर लिहून काढा

शंभर पानी वही टीव्हीजवळ ठेवली. महिन्याअखेर निघालं ते असं: आमच्या सौभाग्यवतींच्या दोन मालिका, पोरांचं सगळं मोबाइलवर, माझ्या बातम्या, आणि दादांचं सह्याद्री नि डीडी किसान. दादांना लागणारं सगळं दूरदर्शनच्या फ्री डिशवर फुकट होतं, आणि मी त्यांच्यासाठी दर महिन्याला डीटीएचचा रिचार्ज मारत होतो. कुलूप नसलेल्या दाराची किल्ली मी भाड्यानं घेतली होती.

६. छत्री आग्नेयेला

डीडी डायरेक्ट प्लस या नावानं डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा सुरू झाली; तीच आताची फ्री डिश. महिन्याचे पैसे नाहीत. एस२ ट्यूनरचा टीव्ही असेल तर डबाही नको, छत्रीची वायर थेट टीव्हीत. अशा टीव्हीसाठी भारतीय मानक ब्युरोचं मानकही जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालं. म्हणून घरातला नवा टीव्ही आखाड्यावर नेला आणि जुना घरी आणला. पोरांनी दोन दिवस तोंड फुगवलं.

छत्री मीच बसवली. उपग्रह जीसॅट-१५, पूर्वेकडं ९३.५ अंशांवर. परभणी जिल्ह्यातून तो आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. आग्नेय म्हणजे आमच्या घराची चुलीची बाजू, एवढं लक्षात ठेवलं. पण फसलो उंचीत. छत्रीचं तोंड मी आभाळाकडं ६० अंशांत वळवलं आणि दुपारभर माळवदावर भाजून निघालो. शेवटी परभणीहून मिस्त्री बोलावले. ते हसले. ‘गुरुजी, तबकडी तिरकी घेते. ती दिसते त्याच्यापेक्षा वर बघते.’ तबकडी त्यांनी बरीच खाली झुकवली, बोटभर डावीकडं सरकवली, आणि सह्याद्री लागली.

त्यानंतरचे धडे ऋतूंनी दिले. चैत्रात कडुनिंबाला पालवी फुटली आणि चित्राचे चौकोन झाले. एक फांदी छाटावी लागली. वानरांना छत्रीचा दांडा बसायला फार आवडतो. तिथं बाभळीच्या काट्या बांधल्या. जोराच्या पावसात चित्र जातं, दहा मिनिटांनी येतं. त्याला इलाज नाही, छत्री हलवू नका.

७. वायर लावली म्हणजे वीज पोचली असं नाही

पहिल्या दिवशी टीव्हीनं एकही वाहिनी शोधली नव्हती. छत्रीच्या तोंडावरच्या एलएनबीला वीज डबा देतो. डबा नसेल तर ती टीव्हीनं द्यायची. आमच्या टीव्हीत ती सोय बंद होती, सेटिंगमध्ये शिरून चालू करावी लागली. दुसरं, एका छत्रीवर दोन टीव्ही चालवायचे तर दोन तोंडांचा एलएनबी घ्या. साधा जोड लावला तर एक टीव्ही १३ व्होल्ट पाठवतो, दुसरा १८. त्या दोघांच्या ओढाताणीत निम्म्या वाहिन्या गायब होतात.

८. डबा परत करताना पावती घ्या

डबा विकतचा, हप्त्यानं की भाड्यानं, हे आमच्या कागदावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. भाड्याचा असेल तर अनामत परत मिळते. विकतचा असेल तर तो आपला, पण दुसऱ्या कुणाच्या जोडणीवर चालत नाही, म्हणजे भंगार. औरंगाबादच्या व्हिडिओकॉननं मागं डीटीएचचा डबा टीव्हीच्या पोटातच घालून विकला होता, पण आतली किल्ली त्यांच्याच डीटूएचची. घरचा एक आणि आखाड्यावरचा एक असे दोन डबे मी काढले. एकाची अनामत पावतीमुळं मिळाली. दुसरा अजून माळ्यावर आहे.

९. सगळे डबे काढायचा हट्ट धरू नका

घरी एक डबा राहिला, दोन मालिकांपुरता. पॅक लहान केला, खेळाच्या वाहिन्या काढून टाकल्या. तेव्हा एक गोष्ट माहीत नव्हती. २००७ च्या कायद्यानं भारताचे महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावे लागतात. पण ते दूरदर्शननं आपल्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचे, केबलवाल्यांना द्यायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये ठरवलं. म्हणजे पैसे भरून बघणाऱ्याला जो सामना दिसत नाही, तो छत्रीवर फुकट दिसतो.

२९ जून २०२४. टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर दक्षिण आफ्रिका. आम्ही सगळे मोटारसायकलींवर आखाड्यावर गेलो. दिवसभर पेरणी करून दादा बाजेवर पडले होते. एकच रिमोट, तो त्यांच्या उशाला. भारत ७ धावांनी जिंकला तेव्हा पोरं नाचायला लागली आणि दादा उठून बसले. माझ्याकडं बघून म्हणाले, ‘तुमच्या घरी तर डबा हाये. मंग इथं कामून आले?’